शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातील नवी साधने : निवड, चाचणी आणि हिशेब

शेतीत नवे औजार घेताना शेतकरी दहा ठिकाणी चौकशी करतो. पेरणीयंत्र आपल्या जमिनीत चालेल का, बैल ओढतील का की ट्रॅक्टर लागेल, सुटा भाग तालुक्याला मिळेल का, हे सारे तो विचारतो. घरातल्या चुलीच्या बाबतीत मात्र अशी चौकशी क्वचितच होते. जाहिरात पाहून, आठवडी बाजारात प्रात्यक्षिक पाहून किंवा लग्नात आहेर म्हणून एखादे उपकरण घरी येते, चार दिवस वापरले जाते आणि मग माळ्यावर जाते. पैसे जातात, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे घरातील स्त्रीचे कष्ट आणि चुलीचा धूर जसाच्या तसा राहतो.

हा धूर साधा नाही. घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात स्वयंपाक करणाऱ्या बायका आणि त्यांच्याजवळ बसणारी लहान मुले यांना धुराचा त्रास सर्वांत जास्त पोचतो. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून देशात दहा कोटींहून अधिक गॅस जोडण्या दिल्या गेल्या, तरी खेड्यात गॅस आणि चूल दोन्ही शेजारी शेजारी चालताना दिसतात. चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी ही वाटणी असते. ती का होते, हे समजले तर कोणते नवे साधन घरात टिकेल हेही समजेल.

पूर्वीच्या साधनांचे काय झाले?

स्वयंपाकघरात सुधारणा करण्याचे प्रयत्न नवे नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चाले. तेथे १९४० च्या दशकात धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार झाली. एकाच जाळावर दोन-तीन भांडी आणि धूर घराबाहेर, अशी तिची रचना होती. पुढे १९८३ मध्ये केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. त्यातील फार थोड्या पुढे वापरात राहिल्या.

कारणे साधी होती. धुराड्यातली काजळी दर पंधरा दिवसांनी काढावी लागते, ती काढली गेली नाही. चुलीचे तोंड लहान, त्यात लांब पऱ्हाटी जाईना, म्हणून ते फोडून मोठे केले गेले. भोकाचे माप घरातल्या तव्याशी जुळेना. चूल बसविणारा एकदा येऊन गेला, दुरुस्तीला पुन्हा आला नाही. सौर साधनांचेही तसेच झाले. १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने अंतर्वक्र आरशाची सूर्यचूल तयार केली. ती उन्हात उभे राहून वापरावी लागे आणि सारखी सूर्याकडे फिरवावी लागे. त्यामुळे ती बाजारात चालली नाही.

याच्या उलट एक उदाहरण पाहावे. मुंबईत १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने ‘सुमीत’ मिक्सर तयार केला. घरात वापरला जाणारा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्याकडचे वाटण आणि भिजवलेली डाळ वाटताना जळाला, हे त्यामागचे निमित्त होते. त्यांनी जास्त ताकदीची मोटर आणि वेगळ्या पात्यांची भांडी बसविली, आणि ते यंत्र घरोघर टिकले. यंत्र घरातल्या पदार्थाला धरून बनविले तर ते चालते. पदार्थाने यंत्राप्रमाणे बदलावे अशी अपेक्षा केली तर ते माळ्यावर जाते.

आधी कामाची फोड करावी

साधन निवडण्यापूर्वी घरातील उष्णतेची कामे वेगळी करून पाहावीत. आपल्या भागात ती साधारण पाच आहेत.

१) शिजविणे : वरण, भात, उसळ. यासाठी १०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान पुरते. जाळ मोठा असण्याची गरज नसते.

२) भाजणे : ज्वारी-बाजरीची भाकरी, चपाती. यासाठी चांगला तापलेला तवा आणि भाकरी फुगविण्यासाठी आर किंवा ज्योत लागते.

३) फोडणी आणि तळण : यालाही १०० अंशांच्या बऱ्याच वर तापणारे तेल लागते.

४) पाणी तापविणे : आंघोळीचे पाणी. तापमान कमी, पण सरपण पुष्कळ खाणारे काम.

५) जनावरांचे खाद्य शिजविणे : सरकी, भरडा इत्यादी.

कोणतेही एक साधन ही पाचही कामे चांगली करीत नाही. सौर पेटी पहिले काम उत्तम करते, पण दुसरे मुळीच करीत नाही. म्हणून ‘चूल बंद करणारे साधन कोणते?’ असे न विचारता ‘चुलीवरचे कोणते काम कमी करायचे?’ असे विचारावे. सर्वांत सोपे असते पहिले आणि चौथे काम चुलीवरून उतरविणे.

भाकरीचा प्रश्न खास आपला आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन हा चिकट प्रथिनांचा भाग असतो. त्यामुळे कणीक ताणली जाते आणि यंत्राने लाटता येते. पुण्यात वाढलेल्या प्रणोती नगरकर यांनी सिंगापूरमध्ये २००८ साली कंपनी काढून ‘रोटीमॅटिक’ हे यंत्र विकसित केले. पीठ, पाणी आणि तेल भरले की ते स्वतः कणीक मळते, लाटते आणि भाजलेली पोळी बाहेर देते. ज्वारीत ग्लुटेन नसते. तिचे पीठ गरम पाण्यात मळून, स्टार्च थोडा उकडून चिकटपणा आणावा लागतो आणि काठवटीत हाताने थापावे लागते. भाकरी थापण्याची यंत्रे आता बाजारात आली आहेत, परंतु ती बचत गट किंवा खानावळ यांच्या उपयोगाची आहेत. घरच्या दहा-बारा भाकरींसाठी हात आणि तवा यांनाच अजून तोड नाही.

बिनखर्चाची बचत प्रथम

नवे साधन घेण्याआधी पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

झाकण : एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणण्यासाठी सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. तेच एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जाण्यासाठी सुमारे ५४० किलोकॅलरी लागते, म्हणजे सातपट. उघड्या पातेल्यात डाळ शिजविताना जळणारे बरेचसे सरपण वाफ उडविण्यात जाते. उकळी आल्यावर झाकण ठेवून जाळ कमी करावा.

भिजविणे : तुरीची डाळ अर्धा तास, हरभरा-मटकी रात्रभर भिजवावी.

प्रेशर कुकर : कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. पूर्ण दाब आल्यावर, म्हणजे पहिली शिट्टी होताच, आच बारीक करावी आणि मिनिटे मोजावीत. दहा शिट्ट्या होऊ देणे म्हणजे वाफ आणि गॅस बाहेर सोडणे होय. रबरी कडी सैल झाल्यावर आणि सुरक्षा झडप कडक झाल्यावर लगेच बदलावी. झडपेच्या जागी काडी किंवा नाणे बसविण्याचा प्रकार धोक्याचा आहे.

उबपेटी : हे साधन घरीच तयार होते. बांबूच्या टोपल्यात किंवा लाकडी खोक्यात गव्हाचा कोरडा भुस्सा अथवा जुन्या गोधड्या चार बोटे जाड दाबून भराव्यात, मध्ये पातेल्याच्या मापाची खोलगट जागा ठेवावी, वर भुस्सा भरलेली उशी झाकावी. भिजविलेली डाळ दहा मिनिटे, तांदूळ पाच मिनिटे खळखळ उकळून, झाकण न उघडता पातेले पेटीत ठेवावे. दीड-दोन तासांत अन्न शिजते आणि गरमही राहते. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अन्न दीड-दोन लिटरपेक्षा कमी असेल तर उष्णता टिकत नाही. तसेच अन्न रात्रभर पेटीत ठेवू नये. ते ६० अंशांखाली कोमट होऊन राहिले तर जंतू वाढतात. राजमा मात्र पाणी बदलून किमान दहा मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय पेटीत घालू नये, कारण कच्च्या राजम्यातील विषारी घटक मंद आचेवर नष्ट होत नाही.

पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ने, हेच तत्त्व पुढे नेऊन ‘सराई कुकर’ तयार केला. त्यात सुमारे शंभर ग्रॅम कोळशाच्या वड्यांवर एकावर एक ठेवलेल्या डब्यांत एका कुटुंबाचे वरण, भात, भाजी वाफेवर शिजते. कोळसा संपला की आच आपोआप संपते, म्हणून जवळ बसावे लागत नाही. कोळशाचे कोणतेही साधन मात्र बंद खोलीत पेटवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड वायू दिसत नाही, वासही येत नाही आणि जीव घेतो.

सौर पेटी : कोणासाठी योग्य?

सौर पेटीत काळा रंग दिलेला पत्र्याचा तळ, वर दुहेरी काच, भोवती उष्णतारोधक थर आणि झाकणाला आरसा असतो. काच ऊन आत घेते, पण आतली उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. स्वच्छ उन्हात आतील तापमान १०० ते १४० अंशांपर्यंत जाते आणि वरण-भात दोन ते तीन तासांत शिजतो. शेंगदाणे भाजणे, रताळी, अंडी उकडणे हीही कामे होतात. भाकरी आणि फोडणी होत नाही.

जालना जिल्ह्यात ऑक्टोबर ते मे या काळात बहुतेक दिवस आकाश स्वच्छ असते. नेमक्या याच काळात कापूस वेचणी, तूर काढणी आणि हरभऱ्याची कामे असतात आणि घरातील बाई दिवसभर शेतात असते. अशा घरात सौर पेटी उपयोगी पडते. सकाळी नऊ वाजता डाळ-तांदूळ भरून पेटीचे तोंड दुपारच्या सूर्याच्या बाजूने ठेवून गेले की मध्येच फिरविली नाही तरी दुपारपर्यंत अन्न तयार असते. अन्न करपत नाही, ओतू जात नाही. ज्या घरी मुख्य स्वयंपाक पहाटे किंवा दिवस मावळल्यावर होतो आणि दुपारी सर्वांचे डबे शेतात जातात, त्या घराने मात्र पेटी घेण्याआधी दोनदा विचार करावा.

मोठ्या प्रमाणावर सूर्याच्या वाफेवर स्वयंपाक कसा होतो हे पाहायचे असेल तर शिर्डीच्या साई संस्थानचे उदाहरण आहे. तेथील प्रसादालयात २००९ मध्ये ७३ मोठ्या तबकड्यांचा सौर वाफ संच बसविण्यात आला. आश्रमशाळा, वसतिगृहे यांना तो मार्ग योग्य आहे. एका कुटुंबाला नाही.

गोबरगॅस : चूल आणि शेत दोन्हींचे साधन

शेणाच्या गोवऱ्या जाळल्या की शेणातील नत्र हवेत जाते आणि शेतात फक्त राख पोचते. तेच शेण गोबरगॅस संयंत्रात घातले तर गॅस मिळतो आणि नत्र स्लरीत राहते. म्हणून कृषिविद्येच्या दृष्टीने हे साधन सर्वांत मोलाचे आहे. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात तरंगत्या टाकीचे संयंत्र तयार केले, तेच पुढे खादी ग्रामोद्योगाचे संयंत्र म्हणून देशभर गेले. १९८४ मध्ये स्वस्त, जमिनीत बांधले जाणारे ‘दीनबंधू’ संयंत्र आले.

हिशेब असा मांडावा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. २ घनमीटर संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे, आणि तितकेच पाणी लागते. दर माणशी स्वयंपाकाला पाव घनमीटर धरला तर सहा माणसांना दीड घनमीटर पुरतो, उरलेला गॅस चहा-पाण्याला. एक घनमीटर गोबरगॅस सुमारे ०.४५ किलो सिलिंडर गॅसच्या बरोबरीचा असतो. म्हणजे संयंत्र पूर्ण भरले तर महिन्याला साधारण २७ किलो, जवळजवळ दोन सिलिंडरएवढे इंधन मिळते. थंडीत हे प्रमाण कमी होते. गोबरगॅसच्या ज्योतीवर भाकरी चांगली भाजते, ही त्याची जमेची बाजू.

आपल्या जिल्ह्यात अडचण दोन बाजूंनी येते. बैलजोड्या कमी झाल्याने शेण कमी पडते आणि उन्हाळ्यात रोज ५० लिटर पाणी जड जाते. म्हणून घरची जनावरे तीनपेक्षा कमी असतील, किंवा ती दिवसभर चरायला जात असतील, तर मोठे संयंत्र बांधू नये. उपाशी संयंत्र लवकर बंद पडते. पाणी मात्र वाया जात नाही. ते स्लरीबरोबर शेतात किंवा उकिरड्यावर जाऊन खत चांगले कुजविते. जनावरे नसलेल्या घरांसाठी ‘आरती’ संस्थेने खरकटे, पिठाचा भुसा, सडकी फळे यांवर चालणारे छोटे संयंत्र विकसित केले. त्याला २००६ मध्ये लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

पऱ्हाटीबाबत एक सूचना

चुलीचा आणि पिकाचा संबंध आणखी एका ठिकाणी येतो. सरपणासाठी पऱ्हाट्यांची गंजी घराशेजारी किंवा बांधावर वर्षभर रचून ठेवण्याची पद्धत आहे. त्या पऱ्हाट्यांवरील न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळीच्या अळ्या सुप्त राहतात आणि पुढच्या हंगामात पतंग बाहेर पडून नव्या कपाशीवर जातात. घरात चुलीचे काम जेवढे कमी होईल तेवढी ही गंजी लहान होईल. साठवायचेच असेल तर तुराट्या साठवाव्यात. पऱ्हाट्यांचे यंत्राने तुकडे करून खतात घालावेत. चुलीचा खर्च मोजताना हा फवारणीचा खर्चही धरावा.

विजेची शेगडी आणि छतावरचे ऊन

इंडक्शन शेगडी ज्योत न लावता भांड्याचा तळच तापविते. त्यामुळे सुमारे ८० टक्के ऊर्जा भांड्यात जाते. गॅसच्या शेगडीत हे प्रमाण ६० ते ६५ टक्के असते. खरेदी करताना घरातील भांड्यांच्या तळाला लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला तर भांडे चालेल. ॲल्युमिनियम, पितळ, तांबे आणि मातीची भांडी चालत नाहीत. तळ सपाट हवा. खोलगट लोखंडी तव्यावर भाकरी नीट भाजत नाही, आणि ज्योत नसल्याने ती फुगवायला वेगळी सोय करावी लागते.

आता हिशेब. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेएवढी ऊर्जा असते. शेगडीतील घट वजा जाता, तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करण्यास सुमारे १४० युनिट वीज लागते. म्हणून सिलिंडरच्या आजच्या किमतीला १४० ने भागावे. येणारा आकडा आपल्या वीजबिलातील दराशी ताडून पाहावा. बिलातील सरासरी दर न घेता, वाढीव युनिट ज्या टप्प्यात जातील त्या टप्प्याचा दर घ्यावा, कारण शंभर युनिटच्या पुढे दर चढतो. भागाकाराचा आकडा मोठा असेल तर वीज स्वस्त, लहान असेल तर गॅस स्वस्त.

छतावर सौर पॅनेल असतील तर चित्र बदलते. आपल्याकडे १ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज देतो. महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घराला स्वयंपाकासाठी रोज साडेचार ते पाच युनिट लागतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्य घर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत. तीन गोष्टी विशेष पाहाव्यात. एक, बॅटरी नसलेला, वीज वाहिनीला जोडलेला संच भारनियमनात बंद पडतो, बाहेर कितीही ऊन असो. दोन, माळवदाच्या घरावर पॅनेलचा सांगाडा बसविण्यापूर्वी भार सहन होईल का हे जाणकाराकडून तपासावे. तीन, शेगडी पूर्ण आचेवर दीड ते दोन किलोवॅट भार घेते, म्हणून जुनी वायर आणि साधा बोर्ड बदलून जाड वायर व अर्थिंग करून घ्यावे.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील बाचा या छोट्या गावी आय.आय.टी. मुंबईने तयार केलेल्या सौर विद्युत शेगड्या २०१८ मध्ये सुमारे ७५ घरांत बसविल्या गेल्या. पॅनेल, बॅटरी आणि शेगडी असा तो संच आहे. इंडियन ऑईलच्या संशोधन केंद्राने ‘सूर्य नूतन’ ही शेगडी २०२२ मध्ये लोकांपुढे आणली. तिचे पॅनेल घराबाहेर असते, उष्णता शेगडीत साठविली जाते आणि स्वयंपाक घरात, संध्याकाळीही करता येतो. १९५० च्या सूर्यचुलीचा दोष कोणता होता हे आठवले तर या रचनेचे महत्त्व कळेल. उद्याच्या स्वयंपाकघराची दिशा हीच दिसते. परंतु बॅटरीचे आयुष्य आणि दुरुस्तीची सोय या दोन गोष्टींची खात्री होईपर्यंत शेतकऱ्याने घाई करू नये.

विजेशिवाय थंडावा

एप्रिल-मे मध्ये आपली हवा तापलेली आणि कोरडी असते. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. माठातील पाणी गार होते ते यामुळेच. या तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित झाला. सावलीत, वारा लागेल अशा जागी विटांचा थर देऊन त्यावर सुमारे १६५ × ११५ सें.मी. मापाची, ६७.५ सें.मी. उंचीची दुहेरी भिंत रचावी. दोन भिंतींत ७.५ सें.मी. जागा ठेवून ती नदीच्या वाळूने भरावी. वर बांबूच्या चौकटीवर गोणपाट किंवा वाळ्याचे झाकण करावे. वाळू, विटा आणि झाकण सकाळ-संध्याकाळ भिजवावे. उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते आणि दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास असतो. पालेभाज्या, टोमॅटो, मोसंबी यांचा टवटवीतपणा काही दिवस जास्त टिकतो. भाजी बाजाराच्या दिवसापर्यंत धरून ठेवण्यास एवढा अवधी पुष्कळ असतो. कांदा, लसूण, बटाटा आत ठेवू नये, दमटपणाने सडतात. पावसाळ्यात याचा फारसा उपयोग होत नाही.

गुजरातमधील वांकानेरचे कुंभार मनसुखभाई प्रजापती यांनी याच तत्त्वावर मातीचा ‘मिट्टीकूल’ फ्रिज तयार केला. वरच्या कप्प्यात पाणी, खाली भाजी-दुधाची जागा, आणि वीज मुळीच नाही. आपल्या गावच्या कुंभारानेही मोठ्या कुंडीत लहान मडके ठेवून मध्ये ओली वाळू भरली तर एका घराची भाजी भागते.

वाळवण : घरातून व्यवसायाकडे

पापड-कुरडयांचे वाळवण आपल्या घरात पूर्वापार आहे. परंतु उघड्या अंगणात मेथी वाळविली तर रंग जातो, धूळ बसते. बंद सौर वाळवणी यंत्रात ५० ते ६० अंश तापमानाची कोरडी हवा फिरते, त्यामुळे कांदा, टोमॅटो, आले, मेथी स्वच्छ वाळते. या क्षेत्रात मराठवाड्याशी संबंध असलेले ठळक उदाहरण म्हणजे मूळ अंबाजोगाईचे डॉ. वैभव तिडके आणि त्यांचे सहकारी यांची ‘एस फॉर एस टेक्नॉलॉजीज’ ही संस्था. तिने बनविलेल्या सौर वाळवणी यंत्रांवर मराठवाड्यातील शेतकरी महिला भाजीपाला वाळवून विकतात. या कामाला २०२३ मध्ये ‘अर्थशॉट’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे लक्षात घ्यावे असे की यंत्राबरोबर माल विकत घेण्याचीही व्यवस्था होती. खरेदीदार ठरलेला नसताना नुसते यंत्र घेणाऱ्या बचत गटाकडे वाळलेला माल पडून राहतो.

खरेदीपूर्वी चाचणी

बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ सारखा तुरीचा वाण शेतकऱ्याकडे येण्यापूर्वी अनेक हंगाम, अनेक ठिकाणी तपासला जातो. त्यानंतरही शहाणा शेतकरी पहिल्या वर्षी एकच एकर पेरतो. स्वयंपाकघरातील साधनालाही हाच नियम लावावा. खरेदीपूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे काढावीत.

१) वर दिलेल्या पाच कामांपैकी हे साधन कोणते काम करते? ते काम आपल्या घरी रोज असते का?

२) आपली भांडी, आपला तवा यावर चालतात का?

३) ते कोणत्या वेळी चालते, आणि त्या वेळी घरात कोण असते?

४) पाणी, शेण, वीज, ऊन यांपैकी काय लागते? मे महिन्यात ते मिळेल का?

५) काच, रबर, बर्नर, बॅटरी तालुक्याच्या गावी मिळते का? दुरुस्ती कोण करतो?

६) रोज साफ करायला किती मिनिटे लागतात?

७) वाचलेल्या इंधनातून किंमत किती महिन्यांत वसूल होते?

या प्रश्नांची उत्तरे रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने द्यावीत. बहुतेक घरांत पैसे एक जण देतो आणि साधन दुसरी वापरते. साधन माळ्यावर जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

शक्य असेल तर साधन पंधरा दिवस कोणाकडून वापरायला आणावे. वहीत रोज तीन नोंदी कराव्यात : किती सरपण किंवा गॅस लागला, किती वेळ चुलीजवळ बसावे लागले, आणि कोणता पदार्थ जमला नाही. सरपण वजनकाट्यावर मोजावे. अंदाज घेऊ नये. आधीच्या पंधरा दिवसांची अशीच नोंद असेल तर तुलना सोपी होते. सौर साधनाची चाचणी ढगाळ दिवशीही घ्यावी. महिला बचत गटाने एकच सौर पेटी किंवा इंडक्शन शेगडी घेऊन दहा घरांत आळीपाळीने फिरविली तर दहा जणींची चाचणी एकाच खर्चात होते.

अधिक माहितीसाठी जालन्याजवळील खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय येथे संपर्क साधावा.

थोडक्यात, पैसे नसलेल्या घराने झाकण, भिजवणे आणि उबपेटीपासून सुरुवात करावी. दिवसभर शेतात राहणाऱ्या घराने सौर पेटीचा विचार करावा. चार-पाच जनावरे आणि पाणी असलेल्या घराने गोबरगॅस आधी बांधावा. पक्के छत आणि स्थिर वीज असलेल्या घराने सौर पॅनेल व इंडक्शनचा हिशेब मांडावा. भाकरीपुरती चूल काही दिवस राहिली तरी हरकत नाही, मात्र ती धुराड्याखाली किंवा उघड्या ओट्यावर असावी आणि तिच्यावरचे इतर काम उतरलेले असावे. येत्या रब्बीचा माल विकल्यावर औजारांची यादी कराल, तेव्हा घरच्या बाईला विचारून स्वयंपाकघरातील एका साधनाचे नावही त्या यादीत लिहावे.